पेशंटला हात लावायचा नाही

१५ जानेवारी १९७७

नाही मिळणार. लिहून ठेवते! साताऱ्याला जाऊन-येऊन एसटीत अंग आंबून गेलं — दुसऱ्यांचे आखडलेले सांधे सोडवणारी मी! — आणि मुलाखत अशी दिली की मधुकरला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

सगळं त्याचंच कारस्थान. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे आमचा फिजिओथेरपी विभाग, त्यात तो आणि मी. इतक्या लहान जागेत माणसानं परस्पर दुसऱ्याचं नाव कुठं पाठवू नये! ‘गोदावरी मोघे स्मृती निधी.’ या गोदावरीबाई साताऱ्यात आमचंच काम करायच्या. पोलिओच्या मुलांसाठी जन्म घालवला. तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे यजमान अनंतराव दरवर्षी आमच्यातल्या एकाला शिष्यवृत्ती देतात.

मी तयारी करून गेले होते. मुंबईचा नवा अभ्यासक्रम, विजेवरचं मशीन, मुलांच्या पायाचे पट्टे — घडाघडा बोलले. अनंतरावांनी स्वतः चहा केला, बशीत ओतून दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे दवाखान्यासाठी झालं. तुम्हाला काय आवडतं?”

“काम,” मी म्हटलं.

“ते सोडून?”

मी छताकडे पाहिलं. पंखा होता. पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी म्हटलं, “झोप.”

ते हसलेसुद्धा नाहीत!

२४ जानेवारी

मिळाली!!

मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं. साताऱ्याहून निरोप असा — “ज्या बाईंना कामाशिवाय एक गोष्ट सांगता आली नाही, त्यांनाच द्यायची आहे.” डॉक्टर हसत होते. मला हसावं की रडावं कळेना.

तर अटी. मार्च ते मे बिनपगारी रजा घ्यायची, तीन महिन्यांचा पगार निधी देणार. त्या काळात स्वतःसाठी काहीतरी शिकायचं. कामाचं नाही! कामाला उपयोगी पडेल असंही नाही. शेवटी साताऱ्याला येऊन तोंडी सांगायचं, काय झालं ते. लेखी अहवाल आणलात तर बंबात घालीन, म्हणाले म्हणे.

आणि सगळ्यात मोठी अट — तीन महिने पेशंटला हात लावायचा नाही. एकालाही.

२५ जानेवारी

आई — “तीन महिने घरीच आहेस तर वर्षाचे गहू निवडून होतील गं.”

१ मार्च

रजेचा पहिला दिवस. साडेपाचला जाग आली, नेहमीसारखी. अंघोळ, केस, साडी, पर्स — दारापर्यंत गेले! मग आठवलं. परत येऊन खुर्चीत बसले. आईनं दोनदा विचारलं, बरं नाही का वाटत?

सांगलीत, आमच्या विश्रामबागेत सकाळी अकरा वाजता रस्त्यावर इतकी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे शांतता असती — प्रचाराच्या जीपा नसत्या तर. सगळे उमेदवार मला बंधू-भगिनी म्हणताहेत आणि कुणालाच गुडघेदुखी नाही.

३ मार्च

किल्ली विसरली होती म्हणून दवाखान्यात गेले. (किल्ली पर्समध्येच होती.) आत एक आजोबा समांतर दांड्यांना धरून चालत होते, डावा खांदा पाडून. मी नुसतं म्हटलं, “आजोबा, खांदा —” तर मधुकर मध्ये आडवा! “चारूताई, बाहेर.” “अरे, नुसतं बोलतेय, हात कुठं लावलाय?” “हात लावायच्या आधी माणूस बोलतंच. बाहेर!”

त्यानं मला चक्क दारापर्यंत पोचवलं. सबंध वॉर्ड बघत होता.

७ मार्च

आतापर्यंत करून पाहिलेलं —

बुलबुलतरंग. मिरजेला दोन दिवस. मास्तर म्हणाले बोटांत ताकद फार आहे. तार तुटली.

भरतकाम. आईनं आग्रह केला. कोपरापासून बोटापर्यंतचे सगळे स्नायू मोजत बसले, फूल राहिलं.

कादंबरी वाचणे. झोप लागली. ही एक गोष्ट मुलाखतीत खरी सांगितली होती.

मजेत लिहितेय, पण मनातून घाबरले आहे. अठ्ठावीस वर्षांची झाले. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी मॅट्रिकला होते. आई सहा वर्षं त्यांचं सगळं करत होती, तेव्हाच ठरवलं हे काम शिकायचं. मग शिकले, मग लागले, मग दिवस भरत गेले. रिकामं काही उरलंय का, हे कधी पाहिलंच नाही. आता पाहतेय तर — काही सापडत नाहीये!

९ मार्च

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. पोरं धडाधड उड्या मारत होती. एक वर आला, दुसरा गेला. पाण्यातून डोकं काढताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव — अगदी मूर्खासारखा आनंद!

मी रोज पाच जणांना तरी सांगते, पाण्यात व्यायाम करा, पाणी तुमचं ओझं उचलतं. आणि मी स्वतः? चपला काढून पायऱ्या उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. तिथून पुढं पाय उचलेना. परत वर.

पण घरी येईपर्यंत तेच मनात. पोहणं!

११ मार्च

शिकवणार कोण पण? घाटावर पुरुष. क्लब वगैरे इथं नाही. मधुकर म्हणाला, मी शिकवतो — त्याची बायको शेजारीच उभी होती, तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की विषय संपला.

आणि आज एसटी स्टँडवर मागून हाक — “आवं बाई! व्यायामवाल्या बाई!”

राहीबाई! पलूसकडच्या हवालदार जोतीरामांची बायको. जोतीराम एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडून जायबंदी झाले. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून बनवलेला पाय आणला होता, तो घालून चालायला शिकवायचं म्हणून गेल्या वर्षी माझ्याकडे यायचे. चार-पाच खेपा आले आणि बंद झाले. मी निरोप पाठवले. आले नाहीत. राहीबाई पेन्शनच्या कामाला आल्या होत्या.

तोंडावर प्रश्न आला होता — पाय घालतात का? गिळला. अट! दुसराच निघाला, “राहीबाई, तुम्हाला पोहता येतं?”

“पवायला? न येऊन कसं चालंल? हिरीवरचीच पोर मी.”

“मला शिकवाल?”

त्या एवढ्या हसल्या की पिशवीतली भेंडी सांडली. मग माझ्याकडे बघून थांबल्या. “खरंच म्हंता व्हय? मग या की! आमच्या हिरीला काय कुलूप हाय?”

१२ मार्च

आईला सांगितलं. भाजी परतत होती. उलथनं तसंच हातात.

“विहिरीत?”

“हो.”

“चारू, बाई विहिरीत उतरली की गाव धावत येतं. आणि काय समजून येतं ते मी तुला सांगायला नको.”

“आई, शिकायला जातेय मी.”

“लोक विचारत नाहीत कशाला गेली ते.”

जेवताना बोलली नाही. वाढलं मात्र भरपूर.

१५ मार्च, पलूस

राहीबाईंच्या मळ्यातली विहीर दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. मोट गेली, इंजिन आलं. मोट जिथं रिकामी व्हायची ते थारोळं तेवढं काठावर राहिलंय. भोवती उसाच्या भिंती. वरच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे पाण्यावर लोंबताहेत.

राहीबाईंनी त्यांचं नऊवारी नेसवलं, कासोटा असा आवळला की श्वास निम्मा. पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा बांधला. “चला.”

मी शेवटच्या पायरीवर पंधरा मिनिटं उभी. ही बाई पाण्यात पाय हलवत उभी, जशी आपण दारात शेजारणीशी बोलायला उभ्या राहतो तशी! “या की! पानी काय चावतंय?”

मग वरून आवाज, “तिला ढकलू नगंस गं. हुकूम दिऊन मानूस पान्यात जात न्हाई. मी सांगतो.”

जोतीराम. थारोळ्यावर बसलेले, कुबड्या बाजूला. ते केव्हापासून बघत होते कुणास ठाऊक! लाजेनं मी पाण्यात पडले. उतरले म्हणत नाही — पडले.

१६ मार्च

नाकात पाणी. कानात पाणी. डोक्यात पाणी. आईनं विचारलं, कसं होतं? म्हटलं, ओलं.

२२ मार्च, पलूस

आता आठवड्यातले तीन-चार दिवस राहीबाईंकडेच राहते. सकाळी बायका कामाला निघायच्या आत एकदा, दुपारी पुरुष जेवून आडवे झाले की एकदा.

आमची शाळा अशी — राहीबाई पाण्यात, जोतीराम वर. ते वरून ओरडतात. “बाई, पाय हलवा! लेफ्ट-राईट न्हाई, बेडकासारकं!” “मान ढिली! रिलॅक्स!” राहीबाई खालून, “तुमी गप बसा, हितं मी हाय.” मध्ये मी, बुडबुड.

पण एक सांगू? माझे हात नुसते शिवशिवतात! तो पुण्याचा पाय ओसरीत खुंटीला टांगलाय, त्यावर धूळ. आणि उरलेल्या पायाला जोतीराम फडकं गुंडाळतात ते चुकीचं. वरून घट्ट, खाली सैल. अशानं सूज उतरायच्या ऐवजी वाढेल. आज बसल्या जागी धोतर सरकलं तेव्हा दिसलं — लाल झालंय. मी काही न ठरवता पुढं सरकले होते, अर्धी वाकले होते.

त्यांनी धोतर ओढलं. “बाई, अट.”

राहीबाईंनी सांगितलं असणार! मी म्हटलं, “नुसतं बघते हो.”

“न्हाई. तुमी हितं शिकायला आलाय. दवाखान्यात म्या पेशंट. हितं तुमी बुडताय आन म्या काठावर हाय. तसंच ऱ्हाऊ द्या की गड्या — लय बरं वाटतंय.”

गड्या म्हणाले मला! मग स्वतःच ओशाळले.

२३ मार्च

झोप आली नाही नीट. ‘लय बरं वाटतंय.’ गेल्या वर्षी मी या माणसाला काय दिलं? दांड्या, आकडे, ‘अजून दहा वेळा’, ‘का आला नाहीत?’ आणि त्यांना बरं वाटलं ते मी नाकातोंडात पाणी जाऊन ठसकताना.

तरी ते फडकं! फडकं सुधारलं पाहिजे!

हात लावायचा नाही. हात लावायचा नाही. हात लावायचा नाही.

२ एप्रिल

डबा सुटला! म्हणजे सोडला. दहा हात पोहले. राहीबाई म्हणतात आठ. जोतीराम म्हणतात चार, बाकी आरडाओरडा.

५ एप्रिल, सांगली

आईला दहा हातांचं सांगितलं. ती म्हणाली, “आणि अकराव्या हाताला काय झालं असतं?” तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

रात्री मात्र दार लावताना — “खोल किती आहे गं ती?”

“चार पुरुष तरी.”

“देवा!” म्हणाली आणि दिवा मालवला.

१४ एप्रिल, पलूस

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

राहीबाई म्हणाल्या, पालथं लय झालं, आता उताणं. पाठीवर पडून राहायचं, काही करायचं नाही. मला वाटलं हे सोपं. सगळ्यात अवघड निघालं! पालथं पडल्यावर निदान हातपाय मारता येतात. इथं मारायचं नाही. मी पडायची, कंबर वाकायची, खाली जायची.

शेवटी त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला. तळवा उघडा, खांद्यांच्या मध्ये. खरखरीत हात — खुरप्याचा, चुलीचा. “टाका वजन. समदं टाका. मी काय पळून जात न्हाई.”

हे वाक्य माझं आहे! रोज म्हणते मी — वजन टाका, मी धरलंय. किती जणांच्या पाठीखाली हा असा हात धरलाय मी. माझ्या पाठीखाली कुणाचा हात शेवटचा कधी होता? आठवेना. लहानपणी ताप आल्यावर असेल आईचा.

आणि रडू आलं. असं पाण्यात, आकाशाकडे तोंड करून. सोयीचंच — तोंड ओलं होतंच! राहीबाईंना कळलं असेल. हात तसाच. कानात पाणी होतं, त्यामुळे सगळे आवाज लांब गेलेले. वर आकाशाचा तुकडा, त्यात खोपे हलताहेत, एक सुगरण आत-बाहेर, आत-बाहेर. तिला फुरसत नाही. मला होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मीच म्हटलं, “काढा आता हात.”

काढला. राहिले.

२० एप्रिल

मधुकर भेटला. “काय, पाणबुडी! काळी किती झालीस!” आजोबांचा खांदा आता सरळ आहे म्हणाला. मी नसताना! बरं वाटलं. थोडंसं वाईटही. पण थोडंसंच.

३ मे, पलूस

इंजिनाचा पाना विहिरीत पडला!

राहीबाईंच्याच हातून. उसाला पाण्याची पाळी, इंजिन बंद पडलेलं, तो पाना एकच. एक-दोन गड्यांनी उड्या मारून पाहिल्या — उन्हाळ्यानं पाणी खाली गेलंय, तरी तळ लागेना. उन्हात ऊस माना टाकू लागलेला. राहीबाई कपाळाला हात लावून, “कुनाचा तरी मागून आणा की!” तर शेजारचा मळेकरी गावाला.

जोतीराम थारोळ्यावर. पायतळीचा दगड बघताहेत. मला नंतर कळलं — पूर्वी गावात कुणाचा हंडा-कळशी विहिरीत गेली की यांनाच बोलवायचे. एका दमात तळ गाठायचे. पाय गेल्यापासून पाण्याला शिवले नव्हते. पाच वर्षं!

“इंजिनाच्या सरळ खाली पडला का खडकाकडं?” त्यांनी विचारलं.

“खडकाकडं,” राहीबाई म्हणाल्या.

जोतीरामांनी सदरा काढला. एका पायावर उड्या मारत काठापर्यंत आले. माझ्या तोंडात शंभर सूचना — जखम, तोल, कुणीतरी धरा! एकही बाहेर काढली नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.

गेले.

पाणी मिटलं. राहीबाई उसाकडे तोंड करून उभ्या, बघेचनात. मी बघत होते. मी श्वास धरला होता, माझा संपला, दुसरा घेतला, तोही संपत आला —

आणि वर आले! पाना दातांत! तोंडावर तोच भाव, घाटावरच्या पोरांचा.

“पाय न्हाई ते बरं हाय,” धापा टाकत म्हणाले. “खाली कपारीत अडकाय एकच उरलाय.”

राहीबाई वळल्या आणि एवढ्या शिव्या दिल्या, एवढ्या दिल्या — सगळ्या इथं लिहिता येणार नाहीत. मग पदर तोंडावर ओढला.

मी काहीच केलं नाही! खरोखर काही नाही. हे पुन्हा एकदा लिहिते — मी काही केलं नाही.

४ मे

सकाळी जाते तर हवालदारसाहेब आधीच पाण्यात. “बाई, उशीर! या!”

१२ मे, पलूस

आज निघताना जोतीराम म्हणाले, “बाई, तुमची अट कवा संपती?”

“एकतीस मेला.”

“बरं,” म्हणाले. खुंटीकडं बघत होते. मी काही विचारलं नाही. विचारलं नाही! ही माझी प्रगती.

२२ मे, सांगली

राहीबाई घरी आल्या. काकवीचा डबा, कैऱ्या, आणि माझा विसरलेला टॉवेल. आई आधी जरा अवघडली होती. मी कैऱ्या ठेवायला आत गेले, चहा टाकला, दूध उतू गेलं, पुन्हा टाकला. बाहेर आले तर दोघी पाटावर समोरासमोर, आई डोळे पुसतेय. घाबरले! तर हसून हसून पुसत होती.

“काय झालं?”

“काही नाही,” आई. “तू पहिल्या दिवशी काय ओरडलीस ते सांगत होत्या.”

मी ‘आईगं’ ओरडले होते. म्हणजे तसं तिलाच बोलावलं होतं.

राहीबाई दुपारभर बसल्या. मला दोनदा बाजारात पिटाळलं — एकदा पानं, एकदा उगाचच.

२८ मे, सातारा

अनंतरावांकडे जाऊन आले. एसटीतच लिहितेय, अक्षर हलतंय.

त्याच खोलीत, त्याच बशा. पंखा मात्र बंद होता, बाहेर लाही होत असून. “वीज गेली आहे,” म्हणाले, “आज तुम्हाला छताकडे बघून उपयोग नाही.” म्हणजे विनोद करतात हे!

मी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. जोतीराम! सुरुंग, खुंटीवरचा पाय, पाच वर्षं पाण्याला न शिवलेला माणूस, पाना, उडी — सगळं रंगवून सांगितलं. दातांतल्या पान्यापर्यंत आले आणि विजयानं त्यांच्याकडे पाहिलं.

ते म्हणाले, “फार छान. पण हे पेशंटचं झालं. तुमचं काय?”

“मी हातसुद्धा लावला नाही त्यांना!” मी म्हटलं.

“लावला नाहीत हे खरं. पण मला सांगायला आणलंत ते त्यांचंच. चारुशीलाबाई, गोदावरीही असंच करायची. दिवस कसा गेला विचारलं की सांगायची — त्या पोराचा पाय वळला, त्या मुलीनं पाऊल टाकलं. मला पंचवीस वर्षं वाटत होतं, ती आपला दिवस सांगतेय.”

बशी खाली ठेवली. “शेवटच्या दुखण्यात मी तिला म्हटलं, आता तुला काय हवं ते सांग, करू. कुठं जायचं, काय खायचं, काय ऐकायचं. तिनं खूप विचार केला हो. खरोखर केला. मग म्हणाली, ‘अहो, मला काय आवडतं तेच आठवत नाही.’ तिला वाईट वाटलं नव्हतं. गंमत वाटली होती. मला मात्र —”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग मी सांगितलं. रंगवून नाही. पाठीवर पडायचं, वजन टाकायचं, ते कसं जमत नव्हतं. राहीबाईंचा तळवा. रडले तेसुद्धा. कानात पाणी गेलं की जग कसं लांब जातं, आणि लांब गेलं तरी काही बिघडत नाही. “आणि काका, मला पाण्यात पाठीवर पडून राहायला आवडतं,” मी म्हटलं. “त्याचा कशालाच काही उपयोग नाही.”

“नाही ना?” ते म्हणाले.

“अजिबात नाही.”

आता हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अजून एक बशी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले; दोघांनी तसाच प्यायला.

१ जून

कामावर रुजू! साडेसातला विभाग उघडला, आठला दारात कोण? हवालदार जोतीराम — कुबड्यांवर, आणि राहीबाईंच्या काखेत पोत्यात गुंडाळलेला पुण्याचा पाय, झाडून-पुसून!

“अट संपली न्हवं?” ते म्हणाले. “लावा आता हात.”

मी आधी ते फडकं सोडलं. अडीच महिने स्वप्नात येत होतं ते! नीट बांधून दाखवलं — खाली घट्ट, वर सैल. जोतीराम म्हणाले, “एवढंच व्हय? मग तवाच सांगायचं न्हाई का!”

मधुकर हसता हसता भिंतीला टेकला.

दांड्यांना धरून सहा पावलं टाकली त्यांनी. मी ‘अजून दहा’ म्हणणार होते. म्हटलं, “आज बस. चहा घेऊ.”

राहीबाई माझ्याकडे बघून काहीतरी सांगणार होत्या, पण मग डोळे मिचकावून पोत्याची घडी घालायला लागल्या. काय ते कळलं नाही.

४ जून

संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. आमच्या दाराला! आई मला न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही. तोवर शेजारच्या साळूबाई किल्ली घेऊन आल्या.

“पलूसच्या गाडीनं गेल्या आई दुपारी. एकट्याच. चार दिस ऱ्हानार म्हणल्या. कढी करून ठिवलीया तुमास्नी.”

“पलूसला? कशाला?”

“पवायला शिकायला,” साळूबाई म्हणाल्या. “तुमाला म्हाईत न्हवतं?”

नव्हतं.